हयात मुलं किती?

कारंजा लाड
दि. १४ मार्च २०२६

प्रिय सरवरी,

सलाम. रोजे कसे चाललेत? आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता काठी घेऊन अंगणात फिरते. शाळेकडून दिलेलं कुटुंब सर्वेक्षणाचं कामही संपलं, काल याद्या जमा केल्या.

त्याबद्दलच लिहायचं आहे.

तुझ्याकडे आले तेव्हा तुझी सासू आणि नमरा, अरसलान ही दोन्ही मुलं, सगळेच समोर बसले होते. घरात माणसं किती, उत्पन्न किती, तू भराभर सांगितलंस. मग मी विचारलं, एकूण मुलं किती झाली? तू म्हणालीस, "दोन." तेवढंच लिहून पुढं जायचं होतं. मी म्हणाले, "तीन ना वं? अकोल्याची पहिली?"

आणि मी पुढचा प्रश्न वाचला, "त्यातली हयात किती?"

"तीन."

नमरानं लगेच विचारलं, "अम्मी, तिसरं कोण?"

नोंद अचूक हवी, साहेब चुका काढतात, असं मी चार दिवस स्वतःला समजावलं. ते खोटं आहे. तू मला "मॅडम, खुर्चीवर बसा" म्हणालीस. दहावीपर्यंत आपण एका बाकावर बसलो. अकोल्याला अनम झाली तेव्हा दवाखान्यात तुझ्या उशाशी मी होते. आणि आता या दुमजली घरात तू मला ओळखही दाखवली नाहीस, हे मला झोंबलं. मी तुला किती ओळखते ते दाखवायचं होतं, म्हणून बोलले. तलाकनंतर दीड वर्षाची पोर पहिल्या नवऱ्याकडे ठेवून तू कशी आलीस, हे तू रडत मला सांगितलं होतंस. तेच मी वापरलं.

काल तुझे मिस्टर फय्याजभाई शाळेत आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "मले पयलेपासून माहीत हाये, ताई. सरवरीच सांगणार होती पोराईले. या ईदले अनमले घरी बोलावलं होतं आमी. आता नमरा मायशी बोलून नाही राह्यली, अन् सरवरी म्हणते, अनमले नका आणू."



आज शाळा सुटताना फाटकापाशी नमरा उभी होती. "तिचं नाव काय हाये?"

"तुह्या अम्मीले विचार, बेटा."

"ती माह्यासारखी दिसते काय?"

मी तिला घरी पाठवलं. पण सरवरी, ती रागानं विचारत नव्हती. तिला बहीण पाहायची आहे. माझ्या तोंडामुळे अनमचं येणं थांबवू नकोस. तिला बोलाव. मी तुझ्या गल्लीत फिरकणार नाही.

माफी मागायचीही लाज वाटते, म्हणून मागत नाही.

जिला तू सगळं सांगितलं होतंस, ती
नीलिमा