भट्टीतली मांजर

२ मार्च

झाकण वर ओढलं तर आत मांजर. पोटाशी तीन पिल्लं. एक चालत कडेपर्यंत आलं, माझ्याकडे बघितलं — डोळे उघडे, निळसर — आणि परत आईच्या कुशीत शिरलं.

प्लेटिंगवाल्याकडे वॉशर आणायला गेले होते. तो मागे टाक्यांपाशी होता. वाट बघत भट्टीजवळ उभी राहिले, सवयीने जरा लांब. मग लक्षात आलं, ऊब लागत नाही. हात लावला. गार. म्हणून झाकण उघडलं.

तो हात पुसत आला. लाजला. झाकण जरा ओढून घ्या, वारं लागतं त्यांना, म्हणाला. मग म्हणाला की काढणारच होतो, पण जागा हलवली तर मांजर पिल्लं टाकून देते म्हणतात. त्याची मुलगी रोज दूध आणून ठेवते.

किती दिवस झाले, मी विचारलं. तो बोटांवर मोजायला लागला आणि मध्येच थांबला. मी नक्की कशाबद्दल विचारतेय ते त्याला कळलं.

"तुमचा माल त्याच्या आधी शेकला होता, ताई. बहुतेक."

बहुतेक!

पुलाचे बोल्ट त्याच्याकडून येऊन पंधरवडाही झालेला नाही. पिल्लं चालतात, म्हणजे तीन आठवड्यांची तरी असणार.

वॉशर तिथेच विसरून आले.

३ मार्च

दादाला सांगितलं. आमच्या कारखान्यात प्रेस चालू होती, म्हणून ओरडून सांगावं लागलं. ओरडून सांगितलेली गोष्ट खोटी वाटते. मलाच वाटली.

लिहून काढते, म्हणजे डोकं जागेवर येईल.

जस्ताचा मुलामा देण्याआधी बोल्ट आम्लात धुतात. तेव्हा पोलादात हायड्रोजन शिरतो. मुलामा झाल्यावर लगेच भट्टीत बराच वेळ शेकलं की निघून जातो. नाही शेकलं तर आत बसून राहतो. मग बोल्ट कुठेतरी घट्ट आवळला जातो, छान दिसतो, आणि कुणी हात न लावता एके दिवशी त्याचं डोकं तुटून पडतं. साध्या बोल्टला हे होत नाही. जितका कडक, तितका धोका.

आणि हे कडक आहेत. दादाने मुद्दाम करून घेतलेत.

आधी आम्ही सळई लेथवर कापून बोल्ट काढायचो, आटेही कापूनच. कापलं की पोलादाचे आतले धागे तुटतात. दादा हे इतक्या वेळा सांगतो की वहिनी पोळ्या लाटतानासुद्धा त्याची नक्कल करते — कापायचं नाही, दाबायचं! त्यासाठी प्रेस आणली. सळईचं टोक नारिंगी तापवायचं, साच्यात धरायचं, एक दाब. डोकं तयार. धागे तुटत नाहीत, वळतात. आटेही दोन साच्यांत दाबून फिरवायचे. शिवाय साच्यातच कोरलेली आमची खूण, तीन रेघा, प्रत्येक डोक्यावर उठते. एवढं झाल्यावर दादाचा हात थांबेना. तापवून पाणी देतो, पोलाद कडक करतो, त्याला सांगितलं, अजून जरा कडक होऊ दे. आमचा बोल्ट इतरांपेक्षा जास्त भार घेतो हे त्याला दाखवायचं होतं. घेतोही.

माल तपासून सोडणं माझं काम. लांबी, आटे, डोकं, कडकपणा, सगळं बघितलं होतं. शेकलाय की नाही हे बोल्टकडे बघून कळत नाही. ते विचारावं लागतं. मी विचारलं होतं. हो म्हणाला होता.

दादाने शांतपणे ऐकलं. मग उरलेल्यातला एक बोल्ट घेऊन माझ्यासमोर मशीनवर ताणला. ठरलेल्या आकड्याच्या बराच पुढे जाऊन तुटला. "हं? बघ."

झटक्यात ताणून हे कळत नाही, मी म्हटलं. त्याला वेळ लागतो. भार घेऊन नुसतं उभं राहावं लागतं.

"मग पूलवाल्यांना काय सांगशील? मांजर व्याली म्हणून पूल बंद ठेवा?"

प्रेसवरचे मामा हसले. त्यांना ऐकू कमी येतं, पण मांजर बरोबर ऐकू आली.

४ मार्च

कारखान्यात जमणार नाही. तिथे छप्पर कोसळलं तरी प्रेसच्या आवाजात कळायचं नाही. म्हणून चार बोल्ट घरी आणले. भोकं पाडलेला जाड ठोकळा आणला. टॉर्क पान्याने पुलावर आवळतात तितकेच आवळले, अंगणात, ठोकळ्यावर पाय देऊन. वहिनी बघत होती. म्हणाली, तुझ्यासाठी स्थळं बघणाऱ्यांना हे दाखवायला हवं होतं.

ठोकळा माझ्या खोलीत, खिडकीखाली. वर पालथी बादली, डोकं उडालं तर कुणाला लागू नये म्हणून.

पूल दहा तारखेला उघडणार. वहिनीचं औषधांचं दुकान कालव्यापलीकडे आहे. इतकी वर्षं ती दोन बस बदलून जाते. पूल झाला की पायी दहा मिनिटं. तिने नवे बूटसुद्धा घेऊन ठेवलेत, खास चालण्यासाठी.

तिला काहीच सांगितलेलं नाही. दादा म्हणाला, उगाच तिच्या डोक्याला घोर नको. तेवढं एक आमचं जमलं.

५ मार्च

काही नाही. सकाळपासून तीनदा बादली उचलली.

वहिनीचं मोठं पातेलं सापडत नाहीये. माझ्यावर संशय. तुझे धंदे चाललेत ना, त्यातच गेलं असणार, म्हणाली. बादली उचलून दाखवली. नुसतेच बोल्ट बघून जास्तच वैतागली.

६ मार्च

पुलावर गेले. सांगायचं असं ठरवूनच गेले होते. रस्ताभर वाक्यं जुळवली. तिथे पोचेपर्यंत एकही उरलं नाही.

पूल सुंदर झालाय. कठड्याला शेवटचा रंग मारत होते. इंजिनिअर तरुण मुलगा आहे, मला बघून खूश झाला. हाताला धरून नेल्यासारखं खाली तुळईपाशी नेलं. बघा, म्हणाला, आमच्या फिटरने नट आवळताना तुमच्या बोल्टची डोकी धरून ठेवली, सगळ्या रेघा आडव्या, एका ओळीत. कुणी सांगितलं नव्हतं, त्यालाच हौस.

खरंच. ओळीने तीन रेघा, तीन रेघा, पार पलीकडच्या काठापर्यंत.

मी खाली बघत चालत होते. एखादं तुटून पडलेलं डोकं दिसतं का ते बघत. काही पडलं का, त्याने विचारलं. तोंडातून निघालं — कानातलं.

झालं. त्याने रंगाऱ्यांना हाक मारली. सगळे वाकून शोधायला लागले. एक नट सापडला, एक कंगवा, रंगाने भरलेला हातमोजा. डोकं एकही नाही. मिळालं की पाठवतो, म्हणाला, काळजी करू नका. पूल दहालाच उघडणार ना, एवढंच विचारता आलं. दहालाच, म्हणाला. यायचं हं, सगळ्यांनी.

घरी येऊन आरशात बघितलं. कानातली दोन्ही कानांत. त्यानेही बघितलं असणारच.

७ मार्च

काही नाही.

काही झालं नाही की हायसं वाटतं, आणि मग हायसं वाटल्याचा राग येतो. बोल्ट तुटावा असं मला वाटतंय. आमचा बोल्ट. दादाचा! तीन रेघा कोणत्या जाडीच्या असाव्यात यावर तो आठवडाभर जेवताना ताटात बोटाने रेघा ओढत होता.

कारखान्यात टॉर्क पाना जागेवर नाही. मामांना विचारलं. दादा घेऊन गेला म्हणाले. म्हणजे मी अजून बोल्ट आवळू नयेत म्हणून लपवलाय. इतक्या थराला गेलाय. जेवताना एक अक्षर बोलले नाही त्याच्याशी. त्यानेही विचारलं नाही. मान खाली घालून जेवला, अर्धवटच उठला.

वहिनी म्हणाली, तुम्हा दोघांना झालंय तरी काय? घरात कुणी जोरात श्वास घेतला तरी दचकता.

दोघांना, असं म्हणाली. तेव्हा लक्ष गेलं नाही. आत्ता लिहिताना गेलं. त्याला कसली भीती! पूल उघडण्याआधी मी तोंड उघडेन याचीच असणार.

८ मार्च

दुपारी बादलीखालून टक्क झालं. पळत गेले, पायाला स्टूल लागलं. बादली उचलली. चारही बोल्ट ठणठणीत. वरून कैरीएवढा गिलावा बादलीवर पडला होता.

बाहेर आले तर दादा माझ्या दारात. कामावरून कधी आला होता कोण जाणे. चेहरा पांढराफटक.

"तुटला?"

गिलावा दाखवला. तो भिंतीला टेकला. मग नेहमीसारखा झाला. म्हणाला, किती दिवस ही बादली राखत बसणार आहेस, कोंबडी अंड्यावर बसल्यासारखी?

मला राहवलं नाही. म्हटलं, परवा पूल उघडतोय. उद्या सकाळी मी जाऊन सांगणार आहे. तुटो, न तुटो. मांजरीपासून सगळं सांगणार. हसले तर हसू देत. तू येऊ नकोस. तुझं नाव नको, माझं सांगते, मी नीट तपासलं नाही म्हणते.

तो खिडकीत जाऊन ठोकळ्यावरच्या बोल्टकडे बघत उभा राहिला. प्रेस आणली तेव्हा तो पहिल्या डोक्याकडे असंच बघत होता. गार होईपर्यंत थांबायचा धीर नव्हता, रुमालात धरून घरी आणलं होतं. रुमाल जळला. वहिनीने अजून ठेवलाय.

"तू नीटच तपासलंस," म्हणाला. "सकाळपर्यंत थांबशील ना?"

सकाळी काय बदलणार आहे, विचारलं. तो त्याच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आमच्या घरात दिवसा कुणी दार लावत नाही.

मला वाटतं, तो मला अडवेल. चप्पल लपवेल, किल्ली लपवेल, पाना लपवला तसं. लहानपणी खेळात हरायला लागला की सोंगट्याच लपवायचा.

अडवू दे. अनवाणी जाईन.

९ मार्च

सकाळी चहा गाळत होते. घण बसल्यासारखा आवाज झाला. गाळणं हातात तसंच घेऊन पळाले, बादली उचलली. माझे चारही बोल्ट जागेवर, ताठ.

वळले तर दादा त्याच्या खोलीच्या दारात उभा. एका हातात वहिनीचं मोठं पातेलं. बुडाला पोचा, आतून बाहेर. दुसरी मूठ उघडली. त्यात बोल्टचं डोकं. तीन रेघा.

त्याच्या पलंगाखाली ठोकळा होता, माझ्यासारखाच. शेजारी टॉर्क पाना. चार तारखेपासून, म्हणाला. प्लेटिंगवाल्याकडेही जाऊन आला होता. पिल्लं बघून आला होता.

वहिनीला तेव्हा सगळं सांगितलं. तिने पातेलं हातात घेतलं, पोच्यावरून बोट फिरवलं, आणि ओट्यावर ठेवून दिलं.

दादा चपला घालत म्हणाला, "चल. मांजरीचं मी सांगतो."

उद्या पूल उघडत नाही. सगळे बोल्ट काढायचे ठरलंय. वहिनी नवे बूट घालून लांबच्या बसने कामाला गेली.