हरकत न घेणारा राजा

मंगळवार, ६ फेब्रुवारी
हैसमला नेलं. माझ्या धाकट्या भावाला! त्याच्या औषधांच्या दुकानातून, गिऱ्हाइकांसमोर. गुन्हा काय, तर मोर्चातल्या जखमी पोरांना पट्ट्या बांधल्या.

गुरुवार, ८ फेब्रुवारी
सुहैर त्याचा फोटो घेऊन तुरुंगाच्या फाटकावर निघाली होती. तिथे रोज बायका ओरडत बसतात. मी तिला दारातच अडवलं.
"ताई, नवरा आहे तो माझा."
"आणि माझा भाऊ. चारचौघांत बोंब मारलीस तर ते हट्टाला पेटतील. समोरच्याला माघारीची वाट ठेवावी लागते."
मला ठाऊक नाही तर कोणाला? माझा सगळा प्रबंध त्यावरच आहे — पडद्याआडच्या बोलण्यांतून सुटलेले कैदी. सुहैरने चपला काढल्या. तिने केलेली मुलुखियाची भाजी तशीच राहिली.
मुंतसिरला फोन केला. माझा जुना विद्यार्थी, आता परराष्ट्र खात्यात; अजून वर्गातल्यासारखं 'दुक्तोरा'च म्हणतो. म्हणाला, "दुक्तोरा, तुम्हीच शिकवलंत ना? गवगवा नको. मी बघतो."

बुधवार, १४ फेब्रुवारी
मुंतसिर — "बघतो."

सोमवार, १९ फेब्रुवारी
विद्यापीठात तास घेतला. घरी बसून तरी काय करू?
बेटाचा खटला शिकवला. शेजारचं राज्य एका राजाच्या बेटावर दीपगृह चालवतं, राजा वर्षानुवर्षं हरकत घेत नाही. कोर्ट बेट शेजाऱ्याला देतं. बोलायच्या वेळी जो गप्प बसला, त्याने हक्क सोडला.
मागच्या बाकावरून रीम म्हणाली, "राजा घाबरून गप्प बसला असेल तर, दुक्तोरा?"
"कोर्ट कारण विचारत नाही."
तास लवकर सोडला.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी
वरच्या मजल्यावरच्या उम्म वलीदचा मुलगा तुरुंगातून घरी आला. हात मोडलाय, पण जिवंत आहे. ती रोज फाटकावर जाऊन त्याच्या नावाने ओरडायची, शिपायांचे आईबाप काढायची.
"रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, बाई," मला म्हणाली. "हे तर सरकार!"
सुहैर माझ्याकडे नुसती बघत राहिली. मला तिची भीती वाटली.
मुंतसिर फोन उचलत नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी
आज दोघी फाटकावर गेलो. खिडकीतल्या माणसाने नाव दोनदा विचारलं.
"गेल्या आठवड्यातच गेला तो. उम्म वलीदसारखं रोज कोणी डोकं खात असतं, तर डॉक्टरकडे तरी नेला असता. ह्याला विचारायला कुत्रंही फिरकलं नाही. बेवारस म्हणून पुरला."
कुठे, ते मी ओरडून विचारलं.