रतन वाचते तेवढं

पक्ष्यांच्या बेटाशेजारून,
ता. २२ नोव्हेंबर १९३५

तीर्थरूप आबांच्या चरणी बालके म्हस्कूचा शि. सा. न. वि. वि.

मंगळुराहून शिडाच्या गलबताने निघालो, ते आठवडाभर हेलकावे खात इथे पोचलो. प्रकृती ठीक आहे. मी राहतो त्या बेटावर माणसे आहेत, नारळ आहेत. पलीकडे दुसरे बेट आहे, नुसत्या वाळूचे. तिथे झाड नाही, गोडे पाणी नाही, फक्त पक्षी. काळ्या पाठीचे समुद्री सुरय हजारोंनी येतात आणि उघड्या वाळूवर अंडी घालतात. पिले निघाली की त्यांच्या पायात नंबर कोरलेले पातळ वाळे घालायचे, असे पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या आमच्या संस्थेचे काम आहे. पुढे कुठल्या किनाऱ्यावर सापडली तर ती इथली म्हणून ओळखता येतील.

संध्याकाळी मोठे पक्षी समुद्रावरून परततात. एवढ्या कालव्यात जो तो नेमके आपलेच पिल्लू शोधतो. मेंढरांच्या वाड्यावर कोकरे सोडली की मेंढ्या धावायच्या, तसेच अगदी. डोळे मिटले तर घोंगडीचा वाससुद्धा येतो.

पत्र रतन वाचून दाखवीलच. तिला सांगावे, की तिने दिलेली शेंगदाण्याची चटणी मी संपवत नाही. रोज झाकण उघडतो, वास घेतो आणि पुन्हा लावतो.

धोंडाआत्यास नमस्कार. लोभ आहेच, तो एवढ्या पाण्यापलीकडेही पोचावा.

आपला
म्हस्कू


पळसदेव,
ता. १२ जानेवारी १९३६

चि. म्हस्कू यास सोनबाचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. आमी समदी खुशाल हाय.

आधी भांडण सांगतो. तुझं नाव लिहायला रतन तयार न्हवती. नवऱ्याचं नाव कसं लिहू म्हणाली. मी म्हणलं, हात तुझा, बोलणं माझं, पाप लागलं तर मला. तवा कुठं लिहिलं. आशीर्वादबी तिच्याच हातचा हाय, गप घे.

दुसरं असं, की ती तुझं पत्र समदं वाचत न्हाय. मला अक्षर येत न्हाय, पण कागद दिसतो. शाई खालपतोर होती आन हिचं वाचणं मधीच घसा खाकरून एकदम आत्याच्या नमस्कारावर गेलं. इचारलं तर म्हणाली, तिथं पाखरांचीच माहिती हाय. दुसऱ्या दिशी शेंगदाणे भाजायला बसली. एवढ्या चटणीचं काय, म्हणून मी इचारलं न्हाय.

तुझ्या वाळ्यांचं ऐकून हसू आलं. मेंढराला गेरू लावायचा तो दुसऱ्याच्या खांडात मिसळू नये म्हणून. ह्या पाखरांचा दुसरा मालक कोण? गुडघा दुखतो, पण आपली चार मेंढरं अजून मीच फिरवतो.

थंडी हाय, कान बांधून ऱ्हा. आमचा जीव तुझ्याकडं लागलेला असू दे, तो काय माघारी येत न्हाय.

सोनबा


पक्ष्यांच्या बेटाशेजारून,
ता. ६ मार्च १९३६

तीर्थरूप आबांच्या चरणी म्हस्कूचा शि. सा. न. वि. वि.

चटणी पोचली. कोणी केली ते विचारत नाही.

एक कळवायचे आहे. काम संस्थेच्या पसंतीस उतरले असून आणखी दोन वर्षे इथेच राहावे, असे पत्र आले आहे. मे महिन्यात शेवटचे गलबत निघते, मग पावसाळा सरेपर्यंत समुद्र बंद. येण्याजाण्यात वेळ मोडतो, म्हणून यंदा पावसाळाही इथेच काढावा असे मनात आहे. पुढच्या सालचे पुढे पाहू.

आपणही दसरा झाला की मेंढरे घेऊन कोकणाकडे निघत होता. आठ महिने दिसत नव्हता, आणि कोणी त्याचे दुःख मानले नाही. आपल्या घराण्याची ही रीतच आहे. माझेही तसेच समजावे. रतनलाही हे पटेल.

माया कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

आपला
म्हस्कू


पळसदेव,
ता. १० एप्रिल १९३६

चि. म्हस्कूस आशीर्वाद.

तुझं पत्र रतननं ह्या बारीला समदं वाचलं, घसा न खाकरता. वाचून कागद घडी केला आन पाण्याला गेली.

एवढा शिकलास आन घरचीच रीत इसरलास? आमी आठ महिने जायचो ते एकलं न्हाय. घोड्यावर बिऱ्हाड असायचं, त्यावर कोंबड्या, आन मागनं तुझी आई. वाडा म्हंजी मेंढरं न्हवं. तीन दगडांची चूल मांडून बाई बसली की त्याला वाडा म्हणायचं. तू तर घाटाखाली अशाच चुलीपाशी जन्मलास. घरी ऱ्हायची ती म्हातारी माणसं. ती रडली आसतील, पण तवा त्यांचं कुणी लिहून घेतलं न्हाय.

मुलखाच्या पाखरांच्या पायात वाळी घालतोस. जिच्या पायात तुझी जोडवी हायत ती हितं नदीकडं बघत बसती. शेवटच्या गलबतानं घरी ये. दसऱ्याला जाताना तिला घेऊन जा. हे लिहायला ती तयार न्हाय, हात थांबलाय. मी म्हणलं, लिही, हुकूम हाय.

भाकरीला तुझी धोंडाआत्या हाय. माझी काळजी करू नको.

सोनबा

ता. क. हे मामंजींनी सांगितलेले नाही. ते मेंढरे घेऊन गेले आहेत. मला यायचे आहे. पण मी आले तर तुमची पत्रे त्यांना कोण वाचून दाखवील? पहिले पत्र ते उशाखाली ठेवतात आणि बाजाराच्या दिवशी पुन्हा वाचायला लावतात. मी ती ओळ पुन्हा गाळते. भीमेच्या वाळूत सुरयांनी अंडी घातली आहेत. ते पक्षी इथेही असतात, एवढे संस्थेला कळवावे.


पक्ष्यांच्या बेटाशेजारून,
ता. ४ डिसेंबर १९३६

तीर्थस्वरूप मामंजींच्या चरणी रतनचा शि. सा. न. वि. वि.

सर्जेराव मास्तरांना नमस्कार, कारण हे तेच वाचत असतील.

समुद्राने पोटात काही ठेवले नाही, पण पोचले. आल्याबरोबर तीन दगड मांडले. इथले दगड हलके, पोवळ्याचे आहेत. तापले की तडकतात. आता चौथा शेजारी ठेवते. बाजरी संपत आली, भाताची सवय होते आहे. पक्ष्यांच्या बेटावर मीही जाते. मी पिल्लू धरते आणि वाळे घालणे होते. पिल्लू बोटाला चावते, तेव्हा घरच्या कोकरांची आठवण येते.

दसऱ्याला आम्ही दोघे निघालो, तेव्हा तुम्ही भिगवणच्या स्टेशनावर गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवलीत. ऊन नव्हते, तरी घोंगडी डोक्यावर ओढलीत. ते मी खिडकीतून पाहिले आहे.

मृगाच्या आत आम्ही येतो. तोवर गुडघ्याला शेक घ्यावा आणि आम्हाला मनातून दूर करू नये.

आपली
रतन


पळसदेव,
ता. १७ जानेवारी १९३७

चि. रतन व चि. म्हस्कू यांस आशीर्वाद.

गुडघा बरा हाय. धोंडा भाकरी करपवती आन मलाच बोलती. काळ्या मेंढीला दोन कोकरं झाली.

मास्तर खणखणीत वाचत्यात. एक शब्द सोडत न्हाईत. पण पोरी, तू गाळायच्या आधी घसा खाकरायचीस. तवा मला कळायचं, हितं पोरानं काहीतरी गोड लिवलंय. आता समदं वाचून होतं, आन काहीतरी ऱ्हायल्यागत वाटतं. मास्तरला म्हणलं, मधी एकदा खाकरा. त्यांना वाटलं मला तहान लागली. उठून तांब्या भरून आणला.

मृगाच्या आत या. शेवटचं पत्र टपालात टाकू नका. संगं आणा, आन रतन, तूच हितं बसून वाच.

सोनबाचा अंगठा
हस्ते सर्जेराव मास्तर