ॲक्रनच्या शेडपायी नाशिकचा फ्लॅट विकायचा नाही

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मी, नीता शशिकांत ओझरकर, वय ६६, शिक्षण मॅट्रिक, राहणार बिन महमूद, दोहा, हे स्वहस्ते लिहिते. डोके ठिकाणावर आहे. माझा मुलगा कैवल्य याला तसे वाटत नाही. पण त्याला काय काय वाटते ते पुढे येईलच.

१. नाशिकचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो माझी नात ओवी हिला. ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत कोणी विकू नये. सूनबाई अनुजाने सांभाळावा. कैवल्यने किल्ल्याही मागू नयेत.

२. कारण लिहिते. माझे थोरले दीर देवव्रत अमेरिकेत ॲक्रनला असतात. तिथे एके काळी टायरचे मोठमोठे कारखाने होते. त्यातलीच एक बंद शेड कैवल्यने घ्यावी, त्यासाठी हा फ्लॅट विकावा, असा काका-पुतण्याचा बेत आहे. "आई, इंडस्ट्री परत येतेय. देवकाका तिथे पन्नास वर्षं आहेत, त्यांना कळत नाही का?"

नाही कळत.

३. "दादाला कमीपणा येईल, कुठे बोलू नकोस," म्हणून यजमानांनी मला शपथ घातली होती. यजमान गेले. आज शपथ मोडते, पाप माझ्या माथी.

१९८२ साली दिरांनी फोटो पाठवला : कारखान्यात खंडेनवमी! मशीनची पूजा करू का, असे त्यांनी साहेबाला विचारले होते. साहेब म्हणाला, जरूर, सगळीच मशिने चकाचक करा. दीर फुगले. चार दिवस खपून मशिने घासली, हळदीकुंकू वाहिले, झेंडू मिळेना म्हणून कागदी फुले लावली. आठवड्याने तीच मशिने ट्रकवर चढली. दक्षिणेकडे, जिथे मजुरी स्वस्त, तिथल्या कारखान्याला ती आधीच विकलेली होती. साहेबाला सफाईवाला फुकट मिळाला आणि दीर घरी बसले. पुढची सगळी वर्षे मोटेलच्या काउंटरवर. नाशिकला आले की मात्र "कन्सल्टंट". माझ्या पोळ्या जाड म्हणणारा कन्सल्टंट!

पूजेला मी हसत नाही. आपण कोणाची आरास करतोय हे ज्याला कळले नाही, त्याच्या भरवशावर माझा मुलगा शेड घेणार, याला हसते.

४. दिरांना त्या गावात आता कोणी उरलेले नाही. फ्लॅटची मागची खोली त्यांना हयातभर राहायला. दया म्हणून नव्हे. थोरले आहेत म्हणून. स्वयंपाक आपला आपण करावा.

५. देवघर अनुजाला. बाळकृष्णाला रोज आंघोळ घालावी, फक्त सुट्टीच्या दिवशी नव्हे.

६. साक्षीदारांना काही नाही. उल्का म्हणाली, "मावशी, निदान लोणचं तरी?" नाही.

७. रविवारी कैवल्य शेड बघायला विमानात बसणार. मी मेल्यावर उघडलेला कागद मग काय चाटायचा? म्हणून हे पाकिटात बंद करायचे नाही. उद्या शुक्रवारी जेवणे झाली, की ॲक्रनला सकाळ असते. दिरांना फोन लावून, स्पीकरवर, कैवल्यनेच हे मोठ्याने वाचावे. तिसरे कलम संपले की थांबावे आणि विचारावे, "काका, खरं का?" ते काय बोलतात, किंवा बोलत नाहीत, ते ऐकून तिकिटाचे त्याने ठरवावे. फ्लॅटचे मी ठरवले आहे.

सही : नीता शशिकांत ओझरकर

साक्षीदार :
१) उल्का राजहंस, शेजारीण, बिन महमूद
२) बाजीराव घोरपडे, ड्रायव्हर, अल अझीझिया

दोहा, गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५