अजिनाथचं नाव काढा

करमाड,
रविवार, २२ मार्च २०२६

तीर्थस्वरूप नानासाहेब यांस,
सोमनाथचा सा. नमस्कार.

इकडं ठीक. आईचा गुडघा पुन्हा सुजलाय, तरी शेरडं घेऊन जायचं सोडत नाही. तुमच्या बहिणीचं जेवण अजून अर्ध्या भाकरीवरच आहे. डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या चालू केल्यात, त्या ती घेते. मला या महिन्यात शेंद्र्याच्या कंपनीत दुसरी पाळी आहे, स्टोअरलाच. पाडव्याला गुढी उभारली नाही. पोराचं वर्ष व्हायचंय. शेजाऱ्यांनी पुरणपोळी पाठवली होती, ती खाल्ली.

तुम्ही पाठवलेली पत्रिका सोमवारी मिळाली. कागद चांगला आहे. वर्दीतला फोटोही नीट आलाय. 'शहीद जवान अजिनाथ स्मृती वादविवाद स्पर्धा.' वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, गुलमंडीजवळ तुमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये. विषय, 'युद्ध संपवण्यासाठी अणुबॉम्ब वापरणे योग्य आहे.' बक्षीस वितरण माझ्या हातून.

बुधवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "कशी वाटली रे पत्रिका?" मी "बरी आहे" म्हणालो. मला फोनवर बोलता येत नाही, तुमच्याशी तर नाहीच. तुम्ही आशाचे थोरले भाऊ. अजिनाथला दहावीचं वर्ष तुम्ही घरी ठेवून घेतलंत, तुमच्याच शाळेत घातलंत, त्याचं इंग्रजी सुधारलंत. हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच हे लिहायला चार दिवस लागले.

माझी विनंती एवढीच आहे. स्पर्धा घ्या. विषयही तुमचा ठेवा. अजिनाथचं नाव तेवढं काढा.

कारण तुम्ही विचाराल.

दहावीत तो याच विषयावर बोलला होता. तुम्ही दोन मुलं निवडली होतीत आणि चिठ्ठ्या टाकल्या होत्या. त्याला अनुकूल बाजू आली. भाषण तुम्ही लिहून दिलंत, एका वहीत, तुमच्या त्या गोल अक्षरात. सुट्टीला इकडं आला की बांधावर उभा राहून पाठ करायचा. "दोन शहरं गेली, पण युद्ध थांबलं!" असं म्हणताना हात कुठं वर करायचा तेही तुम्ही शिकवलं होतंत. आमची आई शेरडांमागून ओरडायची, "कुणाला दम देतोय रं? शेरडं बुजत्यात!" ढाल मिळाली. घरी येताना बसमध्ये तो मला म्हणाला, "आप्पा, दुसरी चिठ्ठी निघाली असती तर मी उलटं बोललो असतो. मामांनी ते पण लिहून ठेवलं होतं." आम्ही दोघंही हसलो होतो.

तीच वही तुम्ही दशक्रियेला काढलीत. आधी पुढाऱ्यांची भाषणं झाली. मग तुम्ही माईक घेतलात आणि म्हणालात, "हे माझे शब्द नाहीत. हे माझ्या भाच्याचे विचार आहेत." सगळं भाषण वाचलंत. वाचताना रडलात. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पन्नास तरी दशक्रिया पाहिल्या असतील, टाळ्या पहिल्यांदा ऐकल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात 'शहीद जवानाची इच्छा' असं छापून आलं. तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. अक्षर आपलंच आहे हे तुम्ही त्या दिवशी विसरला असाल.

बुधवारी फोनवर तुम्ही आणखी एक बोललात. "सोमनाथ, पहिल्याच दिवशी बॉम्ब टाकला असता, तर चौथ्या दिवशी आपलं पोर गेलं नसतं. एवढं साधं गणित तुला कळत नाही का?"

कळतं. तो सकाळी गेला आणि शस्त्रसंधी संध्याकाळी झाली. दहा महिने मी दुसरं कुठलं गणित केलेलं नाही. पाळीला जाताना करतो, मोजमाप करताना करतो. त्याच्या चौकीसमोर पलीकडं एक गाव होतं. ते अख्खं गाव मी देऊन टाकलं असतं, नानासाहेब. माणसं, लेकरं, जनावरं, सगळं. त्याच्यासारखी आणखी शंभर गावं दिली असती. आजही कुणी विचारलं तर मी 'द्या' म्हणेन, एका दमात म्हणेन. म्हणून तर मला विचारायचं नसतं. ज्याचं पोर गेलंय त्याच्या तोंडून हा निकाल घ्यायचा नसतो. तुम्ही नेमकं मलाच व्यासपीठावर बसवताय.

त्या गावाबद्दल मला अजिनाथनंच सांगितलं होतं. शेवटच्या सुट्टीत, संक्रांतीला. ते तुम्हाला माहीत नाही.

आम्ही दोघं ओट्यावर तूर निवडत बसलो होतो. आत टीव्ही चालू होता, बॉम्ब टाका म्हणून दोघं-तिघं ओरडत होते. मी म्हणालो, "टाका की एकदाचा. कटकट तरी मिटंल."

तो म्हणाला, "आप्पा, आमच्याकडनं त्याचा सराव करून घेत्यात. डोक्यापासून पायापर्यंत पोशाख घालायचा, तोंडावर मास्क. पाणी पिता येत नाय. नाकाला खाज आली तर खाजवता येत नाय. दोन तासांत आमचे तीन जण पडले. अन् आमच्याकडं पोशाख तरी हाये. समोरच्या गावात एक म्हातारी रोज सकाळी शेरडं घेऊन निघती. चालती बी आपल्या आजीवानीच, कमरेवर हात ठेवून. तिला कोण पोशाख देणार? तिच्या शेरडांना?"

मी म्हणालो, "ती आपली हाये का?"

"नाय. पण वारं तिकडून इकडं येतं, आप्पा. आजीला विचारा, वारं काय शीव बघून थांबतं का?"

मला राग आला. कशाचा ते आजही सांगता येत नाही. बहुतेक, पोरगं माझ्यापेक्षा जास्त समजून बोलतंय याचा. मी म्हणालो, "भ्यायला लागलास व्हय? ढाल आणली तवा तर लई गर्जत होतास."

त्यानं हातातली तूर निवडून संपवली. सुट्टीचे चार दिवस बाकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, बोलावणं आलंय. आलं नव्हतं, फोन वाजलाच नव्हता. मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो नाही. पाळी आहे म्हणालो. पाळी नव्हती.

नंतर त्याचे फोन आशाला यायचे. "आप्पांना सांग, मी बरा हाये." चार महिने त्यानं मला फोनवर मागितलं नाही, मीही घेतला नाही. मग मे महिना आला.

आता राहिलेलं एक लिहितो. दशक्रियेला टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या. तुमच्या वहीतला अजिनाथ भीत नव्हता. त्याला मी काही बोललो नव्हतो. मला तो सोपा वाटला. तुम्ही माझ्या पोराच्या तोंडी दुसऱ्याचं बोलणं घातलंत आणि मी ते चालू दिलं, कारण माझी सोय होत होती. तेव्हा दोष एकट्या तुम्हाला देत नाही.

आशाला यातलं काही माहीत नाही. पाकीट बंद करण्याआधी तिला वाचून दाखवीन म्हणतो.

सोमवार, दुपार.

सकाळी वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकेपर्यंत तिनं हात थांबवला नाही. मग म्हणाली, "हे मला सांगताय व्हय? मी दारातच उभी होते तवा. तिळगुळाचं ताट घेऊन."

मी म्हणालो, "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत व्हते. त्यो गेला त्या दिवशी वाटलं, आज बोलतील. दशक्रियेला वाटलं. तिथं तुम्ही टाळ्या वाजवल्या. आम्हा बायांतून सगळं दिसत व्हतं."

भाकरी तव्यावर टाकली, उलटली, उतरवली. मग म्हणाली, "दादाला लिहा. नाव काढलं नाय तर मी येते त्या हॉलमधी. माईक कसा धरत्यात मला ठाव नाय. पण माझं पोरगं काय म्हणलं ते सांगते. अन् तुम्ही त्याला काय म्हणलात, ते बी सांगते. सगळ्यांम्होरं."

तिनं आजवर तुमच्यापुढं आवाज चढवलेला नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती येईल. मी तिला अडवणार नाही. एसटीत शेजारी बसून घेऊन येईन, आणि ती बोलत असताना खाली, सगळ्यांना दिसेल असा, बसून राहीन.

शेवटी 'लोभ असावा' असं लिहायची पद्धत आहे. या खेपेला ते तुमच्यावर सोडतो.

सोमनाथ
आशाबाई