डाव्या हाताची बांगडी

१२ जानेवारी १९७४, वेल्हे
संक्रांत तोंडावर. विंझरला लस टोचायला गेले. नऊ पोरं टोचली, नऊ आयांच्या शिव्या खाल्ल्या. परतताना हौसामावशी कासारीण आडवी आली, डोक्यावर बांगड्यांचं गाठोडं. "नर्सबाई, शेवंताच्या पोरीचा डावा हात बघितला का तुमी?"
म्हटलं, गेल्या महिन्यातच वजन केलंय, पोरगी गुटगुटीत आहे.
"गुटगुटीत हाय वो. पर मूठ उघडंना."
तान्ह्यांच्या मुठी मिटलेल्याच असतात, म्हटलं. ती गाठोडं सावरून चालू लागली. मला शिकवते! बारा वर्षं नर्स आहे मी.

१३ जाने.
तरी सकाळी नोंदवही काढलीच. मंगल, आई शेवंता, साडेचार महिने. पुढे माझ्याच अक्षरात: उत्तम. मग आठवलं. पोर दुपट्यात गुंडाळलेली, झोपलेली. आजी म्हणाली, "निजलीया, उठवू नगा." मी दुपट्यासकट काट्याला लावली आणि निघाले. हात पाहिलेच नाहीत. उत्तम म्हणे! लाज वाटली.

१६ जाने.
विंझर. या वेळी मंगलला पूर्ण उघडी केली. उजव्या हातानं माझं घड्याळ गच्च धरलं. डावी मूठ घट्ट, अंगठा आत, कोपर ताठ. शेवंता हळूच म्हणाली, "लंगोट बांधताना पाय बी कात्रीवानी हुत्यात, बाई." म्हणजे आईला माहीत होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा.
आजी गंगूबाई मात्र कासारणीवर उखडलेल्या. "सणाच्या तोंडावर उजव्या हातात काळी बांगडी घातली आन डावा मोकळा ठिवून गेली ती भवानी! म्या म्हनलं, जात न्हाई तर मोठी घाल की. तर म्हंती, न्हाई घालनार." मूठ का मिटते म्हणाल तर, "लक्ष्मी धरलीया माज्या नातीनं."
पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू म्हटलं. त्यावर, "पोरीत खोट काढू नगा. उद्या लगीन व्हायचं हाय तिचं." शेवंता दुपटं गुंडाळायला लागली. आणि जायचं-न जायचं आजीच्या शब्दावर.

१९ जाने.
हौसामावशीच्या घरी जाऊन सरळ सांगितलं, माझं चुकलं. ती हसलीच नाही. म्हणाली, अशीच मूठ पूर्वी एकदा हाताशी आली होती, पलीकडच्या खोऱ्यातल्या एका घरात. "समद्यांनी म्हनलं मोठी घाल, म्या मोठी घातली. मुठीवरनं गेली. समदे खूश, म्या बी खूश. आता ते लेकरू आठ वर्साचं हाय. उंबऱ्यात बसवत्यात, तितंच असतंय." मग बांगड्या पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती.

२२ जाने.
डोकं चालू आहे. कासारीण घरोघरी जाते, तान्ह्यांचे हात हाती घेते. सुईण भागाबाई पहिल्या दिवसापासून पोर न्हाऊ घालते. बालवाडीच्या बाई पोर दोन वर्षांचं झालं की बघतात. मी महिन्यातून एकदा, तीही घाईत. मग नोंदवही माझ्या एकटीची का?
आमच्या दवाखान्याच्या डॉ.साहेबांना सांगितलं. "सिस्टर, आता कासारीण तपासणार का?" म्हटलं, तपासणार तुम्हीच. ती फक्त सांगणार, आणि माझ्या आधी सांगणार, हे सिद्ध झालंय. मग म्हणाले, करा.

२७ जाने.
बाजारच्या दिवशी हौसामावशी, भागाबाई, बालवाडीच्या बाई आणि मी, चौघी माझ्या खोलीवर. चहा, शेव. ठरलं: मूठ न सुटणं, मान न धरणं, आवाजाला न वळणं, ज्या कुणाला दिसेल तिनं मला सांगायचं. पोराच्या घरच्यांपुढे मात्र चकार शब्द नाही, रोग वगैरे बोलायचं नाही. भागाबाई म्हणाली, "आमाला कवापासनं दिसतंय की वो. पर सांगायचं कुनाला?" या बाईला मी गेली पाच वर्षं फक्त नाळेचं ब्लेड उकळून घे म्हणून ओरडत आले.

५ फेब्रुवारी
आज विंझरला हौसामावशीचा खेळ बघितला. गंगूबाईंना बांगड्या भरायला बसवलं. कासारणीच्या हातात हात दिला की बाई उठून जाऊ शकत नाही! मावशीनं त्यांचा अंगठा तळव्यात दुमडला, बोटं जुळवली आणि बांगडी अर्ध्यावर थांबवली.
"आक्का, तुमचा हात राबून राबून लाकूड झालाय, तरी माज्या हातात ढिला पडतुया. आन सा महिन्याच्या लेकराचा पडत न्हाई. ही कसली लक्ष्मी?"
गंगूबाई तडकल्या. "तू कोन गं डाक्टरीण?"
मावशीनं हात सोडला नाही. उंबऱ्यातल्या पोराची गोष्ट सांगितली. मोठी बांगडी आपणच घातली, हेही सांगितलं. मी तोंड उघडलं नाही, हे मला किती जड गेलं ते मलाच ठाऊक.
शेवटी गंगूबाई म्हणाल्या, "पुन्याला म्या बी येनार. एकटीला न्हाई धाडायची."

१४ फेब्रु.
पहिल्या एस.टी.नं पुणे. आजी, शेवंता, मंगल, मी. नसरापूरपर्यंत मंगल, मग शेवंता ओकली. डॉक्टर भले. म्हणाले, लवकर आणलंत, बहुतेक जण चालायचं वय उलटल्यावर आणतात. स्नायू आखडताहेत, मालीश आणि व्यायाम रोज. मूठ जोरानं उघडायची नाही, मनगट वाकवून अलगद. शेवंतानं विचारलं, "चालंल का?" डॉक्टर म्हणाले, आज सांगता येत नाही, पण नुसती बसवून नाही ठेवायची. गंगूबाईंनी व्यायाम दोनदा करून दाखवायला लावला. तिसऱ्यांदा स्वतः केला, डॉक्टरांच्या हातावर!

१० मार्च
चौघींची वही भरतेय. भागाबाईनं एक मूल सांगितलं, नुसतंच जाडं आणि आळशी निघालं. तिची चेष्टा केली, चिडली. बालवाडीच्या बाईंनी एक मुलगा सांगितला, पाठीमागून हाक मारली तर वळत नाही. तो पुण्याला जाणार. डॉ.साहेब आता स्वतः विचारतात, कासारीण काय म्हणतेय? मी काही ऐकू आलं नाही असं दाखवते. मजा येते.

२१ एप्रिल
विंझर. मंगल मांडी घालून बसते, डावीकडे कलते, उशी लावावी लागते. मालीश गंगूबाईच करतात, शेवंताला हात लावू देत नाहीत.
हौसामावशी आली होती. संक्रांतीला डाव्या हातात न गेलेली तीच काळी बांगडी गाठोड्यातून काढली. मंगल दूध पिऊन सैल पडलेली. गंगूबाईंनी मनगट वाकवलं, बोटं एकेक करून सुटली. चारी. अंगठाही. मावशीनं बांगडी सरकवली, अंगठ्याच्या हाडापर्यंत गेली. तेवढ्यात मंगल दचकली आणि मूठ पुन्हा गच्च. शेवंताचे डोळे भरले.
मावशीनं बांगडी काढून घेतली. गाठोड्यात टाकणार, तर गंगूबाईंनी तिच्या हातातून घेतली.
शेवंता म्हणाली, "आत्याबाई, एक माप मोठी घिऊ का?"
"मोठी नगं," गंगूबाई म्हणाल्या. "हीच जाईल." आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवली.