‘बाई’ या शब्दावर माझं प्रमुख व्याख्यान

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. मोठं काम हाती घेतलं की माणसाने नोंद ठेवावी.

सकाळी जगदेवराव चहाला आले. देवासच्या आपल्या मराठी स्नेह मंडळाचे सेक्रेटरी. म्हणाले, यंदा गणपतीत प्रमुख वक्ते तुम्ही. शेवटी न्याय झाला. इतकी वर्षं यशवंतराव पानिपतावर बोलतात, दर वर्षी आपण हरतो, आणि वर आभार मी मानतो. मंडळात माझी ओळखच ‘आभारवाले उमाशंकरराव’. ती पुसायची. एकदा प्रमुख वक्ता झालो की मेलो तरी चालेल. म्हणजे लगेच नाही.

विषयही ठरला. ‘बाई’. एक शब्द, जगभरच्या भाषा. सुचला असा की, शेजारी नव्या राहायला आलेल्या शर्माजींच्या मिसेस परवा हातात वाटी घेऊन दारात आल्या आणि आमच्या सुमंगलाला विचारू लागल्या, आपकी बाई आ गई क्या? ही म्हणाली, बाई तो मैं ही हूँ. तीस वर्षं शाळेत शिकवलं, अर्धं देवास हिला बाई म्हणतं. मिसेस शर्मा इतक्या ओशाळल्या की वाटी तिथेच विसरून गेल्या. ही हसत आत आली. मी हसलो नाही. मला त्यात संशोधन दिसलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

सून उर्वशीला मोबाईल घेऊन समोर बसवलं. ती इंदूरची, हिंदी मीडियमची. मराठी बोलते ठीक, वाचताना ठेचकाळते. पण बोटं चपळ.

काय काय निघालं! स्पेनच्या उत्तरेला बास्क म्हणून लोक आहेत, त्यांच्यात ‘बाई’ म्हणजे ‘होय’. तुर्कीत ‘बाय’ म्हणजे श्रीयुत. थाईत ‘बाई’ म्हणजे झाडाचं पान. व्हिएतनाममध्ये धडा. चिनीत नुसता सूर बदलला की पांढरं, शंभर आणि नमस्कार. फिलिपिन्सच्या दक्षिणेला खानदानी स्त्रीच्या नावाआधी ‘बाई’ लावतात, आपण नावानंतर लावतो. राजस्थानात बहीण, लेक. आणि आपला दूधवाला भिया, म्हणजे इकडचा भैया, आपल्या आईला ‘बई’ म्हणतो.

माझा सिद्धान्त असा की हे सगळं माळव्यातून गेलं. मराठ्यांच्या फौजा उत्तरेला गेल्या, त्यातले काही जण तसेच पुढे चालत राहिले असणार. उर्वशी म्हणाली, बाबा, इसमें तो लिखा है की या शब्दांचं एकमेकांशी नातंच नाही, नुसता उच्चार सारखा आहे. मोबाईलला काय कळतं.

सुमंगला आतून म्हणाली की म्हणजे तुर्कस्तानात गेलो तर तुम्ही बाय आणि इथे मी बाई, घरात नुसत्या बायाच बाया. दोघी खूप हसल्या. या घरात विषयाचं गांभीर्य कोणाला नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा. नारळीभात उत्तम.

रोज जेवणानंतर हिच्यासमोर तालीम करायची ठरवलं. ही डाळ निवडते, मी बोलतो. आज प्रस्तावना झाली. भाषा अशी घोटून लिहिली आहे की आमच्या आजोबांच्या काळातल्या माणसाने मान डोलवावी. मध्येच हिने विचारलं, बाई कधी येणार? सांगितलं, प्रस्तावनेनंतर. मग तिने डोळे मिटले. ऐकताना एकाग्र होते ती.

जाग आल्यावर, म्हणजे डोळे उघडल्यावर, म्हणाली की आधी दूधवाल्या भियाचं सांगा, लोकांना माहीत आहे तिथून सुरू करा. आणि मंडळातल्या पोरांना ‘व्युत्पत्तिविषयक’ कळणार नाही, सोपं बोला. मी शांतपणे समजावलं की वर्ग वेगळा आणि व्यासपीठ वेगळं. तीस वर्षं पोरांसमोर बोललीस, हे मान्य. पण त्याला वक्तृत्व म्हणत नाहीत. तिने डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला.

१८ ऑगस्ट, सोमवार

पहिला दगा. जगदेवरावांचा फोन. तासाचा अर्धा तास केला. लहान मुलींचा डान्स वाढलाय म्हणे. माझं भाषण दीड तासाचं तयार आहे. कापणं शक्य नाही, प्रत्येक वाक्य दुसऱ्याला धरून उभं आहे. तेव्हा भरभर बोलायचं ठरवलं.

आजपासून गळ्याची काळजी. थंड बंद, आंबट बंद. सुमंगला काढा करून देते म्हणाली. कडू असतो. नको म्हटलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

बाप्पा आले. आरती मी सांगितली, वरच्या पट्टीत. गच्चीवर आवाजाचा सराव सुरू आहे. आज समोरच्या घरातून दोन माणसं विचारायला आली, भिया, सब ठीक है ना? म्हटलं, प्रस्तावना आहे.

हिने आज तालीम ऐकायला नकार दिला. म्हणाली, पाठ झालंय मला. कोणाचं पाठ झालं, याला काय अर्थ आहे. बोलणार कोण?

३ सप्टेंबर, बुधवार

घात झाला. आवाज गेला. नुसती हवा येते.

कारण हवामान. काल गौरी-गणपती विसर्जनाच्या गर्दीत शिकंजी प्यालो, दोन ग्लास, पण इकडची ती लिंबाची नाही, दुधाची असते, दूध गळ्याला चांगलं. डॉक्टरांनी एक शब्द बोलू नका म्हणून बजावलं.

जगदेवराव धावत आले. यशवंतराव पानिपत घेऊन तयारच आहेत म्हणाले. माणूस कुठे टपून बसलेला असतो बघा. मी दोन्ही हातांनी नाही नाही केलं. तेवढ्यात सुमंगला म्हणाली, मी वाचते यांचं.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. अशा वेळी बायकोच उभी राहते. कागदावर लिहून दिलं: जसंच्या तसं वाचायचं, एक अक्षर गाळायचं नाही, सुरुवातीला आणि शेवटी माझं नाव घ्यायचं. तिने मान हलवली. भाजीवाला भाव सांगतो तेव्हाही ती अशीच मान हलवते आणि पुढच्या गाडीवर जाते.

४ सप्टेंबर, गुरुवार

सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

मी मंचावर, गळ्यात हार. ही माईकपाशी गेली. माझे कागद टेबलावर ठेवले, वर चष्म्याची केस ठेवली, आणि त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. मिसेस शर्मांच्या वाटीपासून सुरुवात केली. मिसेस शर्मा समोरच बसल्या होत्या, त्याच सगळ्यात जोरात हसल्या.

प्रस्तावना गेली. अख्खी. मग दूधवाला भिया. मग विचारलं की तुमच्याकडे आईला ‘बई’ कोण म्हणतं? मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला, म्हणाले मी म्हणायचो, आणि खाली बसून रुमाल काढला. मग बायकांना विचारलं, आजीचं नाव काय होतं? रांगेरांगेतून नावं येऊ लागली, सगळी बाईवाली. हे माझ्या भाषणात कुठे होतं? अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलत होती. पोरं मोबाईल खाली ठेवून ऐकत होती. माझ्यासाठी कधी ठेवले होते?

तुर्कस्तान आलं तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली की आमचे हे तिकडे गेले तर बाय होतील. अख्खा मांडव हसला. मी निषेधाचा हात वर केला. ती म्हणाली, यांना पाणी हवंय, आणि मला पाणी आणून दिलं लोकांनी.

माझा फौजांचा सिद्धान्त तिने घेतलाच नाही. उलट सरळ सांगितलं की हे शब्द नातेवाईक नाहीत, नुसते सारख्या नावाचे आहेत. शेवटी बास्क. तिकडे ‘बाई’ म्हणजे ‘होय’, म्हणाली, मग मी तर लग्न झाल्यापासून घरात तीच भाषा बोलते आहे. बायका हसल्या आणि मग एकमेकींकडे बघू लागल्या. टाळ्या जरा वेळाने आल्या, पण थांबेनात. एवढं काय त्यात, मला कळलं नाही.

शाल हिला, नारळ हिला. माझा आवाज नाही म्हणून आभार जगदेवरावांनी मानले. मांडववाल्याचे, मग ‘साहित्य पुरवल्याबद्दल’ माझे, मग माईकवाल्याचे.

माझं भाषण. माझा विषय. माझी बायको. कोणाकडे तक्रार करू?

६ सप्टेंबर, शनिवार

विसर्जन. आवाज परत आला. आता काय करू त्याचं.

दिवसभर माणसं दारात येतात. बाई आहेत का घरी? धारच्या मराठी मंडळातून फोन आला. मी घेतला. त्यांना व्यवस्थित समजावलं की या संशोधनामागे कोण आहे, किती कष्ट आहेत, मूळ सिद्धान्त काय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, बाईंना देता का फोन?

ठरवलं आहे की बोलायचं नाही हिच्याशी. दुपारपर्यंत पाळलं. तिला कळलंच नाही, ती फोनवर होती.

५ ऑक्टोबर, रविवार. धार.

बसने इंदूरवरून आलो. हिची बॅग माझ्याकडे. येताना खिडकीशी ही बसली.

तेच भाषण, पण आणखी चांगलं झालं. हे कबूल करायला मी मोकळ्या मनाचा आहे. व्हिएतनामचा धडा तिने शाळेच्या आठवणीला असा जोडला की मी स्वतः मान डोलावली. जवळजवळ तीन आठवडे मी तिच्यासमोर बोललो, त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे तिला सगळं दिसत होतं. मला सांगितलं का नाही? मग आठवलं की सांगितलं होतं.

इथल्या लोकांना कोणीतरी आधीच कळवलं होतं की मी आभार छान मानतो. मानले. प्रमुख वक्त्या सौ. सुमंगलाबाई यांचे, सर्वांच्या वतीने. आयोजक म्हणाले, असे आभार आजवर ऐकले नाहीत.

२६ ऑक्टोबर, रविवार

हिने नवा शब्द घेतला आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलणार आहे, आपल्याच मंडळात. शब्द कोणता, ते मला सांगत नाही.

सकाळी सरळ विचारलं. मदत करीन म्हटलं, शोधून देईन, मध्ये बोलणार नाही. म्हणाली, तुम्हाला सांगितलं की तुम्ही त्यात फौजा घालाल. आणि मंडळात सगळ्यांना आधीच सांगून याल. त्यापेक्षा त्या दिवशी या, तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवायला सांगते.

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. प्रेमाने बोलली.

दुपारी आतल्या खोलीत उर्वशीसमोर तिची तालीम असते. मी बाहेर ओट्यावर बसून हे लिहितो आहे. आतून हिचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. मग उर्वशी हसते, मग दोघी हसतात. मला ऐकायचं आहे. हिच्या तोंडून कोणताही शब्द, त्याचं मूळ, त्याच्या गावोगावच्या गमती. हे मला हिच्याबद्दल आजवर कधी वाटलं नव्हतं.

मघाशी मुद्दाम खाकरलो, दोनदा. आतलं बोलणं थांबलं. उर्वशी दारापाशी आली. वाटलं, बोलवायला आली. तिने विचारलं, बाबा, चाय लोगे? मी हो म्हटलं. रस्त्यावरची धूळ येते म्हणून जाताना तिने दार ओढून घेतलं.